अंशतः पडलेलं घर

साहेब पडझड बघायला येणार म्हणून काकीनं पडक्या घराचं अंगण सारवून ठेवलं होतं.

तिला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. आमच्या खाडीकाठच्या गावात परका माणूस दारात येणार असेल तर दार नीट हवं, मग दारामागं भिंत असो वा नसो. वादळाला चार दिवस झाले होते. घराची पश्चिमेची भिंत जोत्यापर्यंत खाली आली होती, आढं मधोमध मोडलं होतं आणि सगळी कौलं माजघरात ढीग होऊन बसली होती. काकीनं आणि शेजारच्या दोन बायांनी त्या ढिगातली शाबूत कौलं निवडून ओळीत रचली. फुटकी वेगळी केली. भिंतीची माती फावड्यानं ओढून एका अंगाला लावली. स्वयंपाकाचा कोपरा तेवढा उभा होता. त्यावर झावळ्या आणि प्लास्टिकचा कागद टाकला, चूल नव्यानं घातली, आणि तलाठी येणार त्या सकाळी अंगणावर शेणाचा हात फिरवला. दारात चार बोटं रांगोळीही ओढली.

मी पेणहून एसटीनं पोचले तेव्हा पंचनामा होऊन गेला होता. काकी चुलीपुढं बसली होती. चेहऱ्यावर लग्नकार्य पार पडल्यासारखं समाधान.

“चहा पिला गो साहेबांनी,” ती म्हणाली. “नको नको म्हनत व्हते. मी म्हटला, साहेब, आमचा घर पडलाय, हात नाय पडले.”

“मग काय म्हणाले?”

“खूश झाले. म्हनले, मावशी, तुम्ही लय नीट ठेवलाय. बाकीच्यांकडं पाय ठेवाया जागा नाय.”

मी हसले. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटला. बाकीच्या घरांतही थोडंफार असंच झालं होतं. गडी सगळे बांधावर होते. वाऱ्याबरोबर उधाण आलं आणि बांधाला तीन जागी खांड पडली, खारं पाणी भाताच्या शेतात शिरलं. आमच्याकडं खांड पडली की आधी खांड बुजवायची, घर मागून. म्हणून कमरेएवढ्या चिखलात उभे राहून माती टाकणारे पुरुष एकीकडं, आणि घर आवरणाऱ्या बायका दुसरीकडं, असं चालू असताना तलाठी वहीत लिहून निघून गेला. त्याच्याशी वाद घालायला घरात कुणी नव्हतंच. जे होतं ते त्याला पाट देत होतं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका मिठागरावर कामाला होता. तो गेला तेव्हा मी दहावीत होते. त्यानं ते घर स्वतः उभं केलं होतं, दर उन्हाळ्यात थोडं थोडं. त्यांचा एकुलता मुलगा रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर होता, चाळीतल्या एका खोलीत बायको आणि दोन पोरांसह. काकी वर्षातून दोनदा तिकडं जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

“तिकडं मी उठायच्या आधी विचार करते,” ती एकदा म्हणाली होती, “उठू का नको. भांडा वाजला तर सुनेची झोप मोडंल. पोरगा रातपाळीवरनं आला असंल. आपल्या घरात मी वाटंल तेव्हा भांडा आपटते.”

घर उभं राहिलं नाही तर तिला रोह्याला जावं लागणार होतं, कायमचं. ती हे बोलली नाही, पण मला माहीत होतं. पुढं जे झालं त्यात मला हे माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. सरकारनं घरांचे दोन भाग केले होते. ‘पूर्णतः पडझड’ असलेल्याला नवं घर उभं करायची मदत, भिंती-छपरासकट. ‘अंशतः पडझड’ असलेल्याला थोडे पत्रे आणि थोडे वासे. काकीच्या नावापुढं लिहिलं होतं: अंशतः. शेऱ्याच्या रकान्यात: ‘चूल चालू. घर वापरात.’

मी तो शेरा दोनदा वाचला. गावातले बरेच जण अंशतः होते. पूर्णतः कोण, तर ज्यांनी काहीच आवरलं नव्हतं ते. एकजण वादळाच्या वेळी सासुरवाडीला होता, आठ दिवसांनी परतला. त्याचं घर पडलं तसंच पडून होतं, ते पूर्णतः. त्याचा हेवा करावा की त्याला शिव्या द्याव्यात ते कुणाला कळेना. काकी यादीसमोर उभी राहिली. आदल्या वर्षीच्या साक्षरता वर्गात ती अक्षरं लावायला आणि सही करायला शिकली होती.

“ह्यो शब्द काय गो?”

“अंशतः. म्हणजे थोडंसं.”

तिनं मागं वळून आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं. “थोडासा?” ती म्हणाली, आणि हसली. ते हसणं मी पुढं पत्रकात घातलं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील पेणला एका सोसायटीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात चळवळीत. मोर्चा, संप, धरणग्रस्त, मिठागरकामगार, जे असेल ते. पलंगाखाली गठ्ठे. आई गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची आणि घरी आल्यावर हाताला लागलेला रंग रद्दी पत्रकांना पुसायची. मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकावर नाही, ‘बंधूंनो आणि भगिनींनो’वर. बारा वर्षांची असताना मला वाटायचं की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, आवाहन करणारी आणि ज्यांना आवाहन करायचं ती. मी पहिल्या प्रकारात जायचं ठरवून टाकलं होतं.

यादी लागली त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘माणूस अंशतः जगतो काय?’ त्यात काकीचं संपूर्ण नाव होतं, तिचं सारवलेलं अंगण होतं, तिचा चहा होता, तलाठ्याचा शेरा अवतरणात होता. ते चांगलं लिहिलं होतं. आज वाचलं तरी चांगलं वाटतं, हीच अडचण आहे.

पेणला आम्ही ज्यांच्याकडं छापायचो ते चाचा वयस्कर होते. त्यांचा मुलगा दुबईला होता. त्यानं धाडलेला चष्मा ते फक्त छपाईचे खिळे जुळवताना लावायचे. त्यांनी मजकूर वाचला, पुन्हा वाचला.

“पोरी, जाड टाइप कमी सांग,” ते म्हणाले. “सगळाच कागद ओरडायला लागला तर ऐकू काय येनार?”

“ओरडायलाच पाहिजे, चाचा.”

“ओरड. पन ही बाई कोन, तिला इचारलंस का, नाव छापू म्हनून?”

“माझी काकी आहे.”

“मी ते नाय इचारलं,” ते म्हणाले आणि खिळे जुळवायला लागले.

मी विचारलं नव्हतं. पत्रक गावात वाटलं तेव्हा काकीनं आपलं नाव बोटानं शोधलं, कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. तिला राग आला की आनंद झाला ते मला तेव्हाही कळलं नाही.

गावात देवळापुढं सभा झाली. मी बोलले. अंशतः हा शब्द आपण स्वीकारायचा नाही. एकानं पत्रे घेतले, सही केली, म्हणजे आपण कबूल केलं की आपलं घर थोडंसंच पडलंय. मग फेरपंचनामा कशाला करतील? सगळ्यांनी मिळून नकार दिला तर त्यांना परत यावं लागेल. मुद्दा बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो. लोकांनी माना डोलावल्या. मला मात्र त्या माना पुरेशा वाटल्या नाहीत. सभेत माना डोलतात आणि घरी गेल्यावर थांबतात, हे मी वडिलांच्या सभांत पाहिलं होतं.

तेव्हा मी एक गोष्ट केली. आमच्या गावात दोन भावकींचा तंटा मिटवताना देवापुढं नारळ ठेवतात आणि दोन्हीकडचे त्याच्यावर हात ठेवतात. त्यावर दिलेला शब्द मोडत नाहीत. आमच्या घरात देव नव्हता. वडिलांनी ते सगळं सोडलं होतं आणि मीही कॉलेजात असल्या प्रथांवर एक लेख लिहिला होता. पण नारळ मीच मागवला.

गावचा एक म्हातारा, बांधाच्या कामावर सगळे ज्याचं ऐकायचे तो, माझ्याकडं बघून म्हणाला, “तुझ्या बापाला म्हायती हाय का, तू नारळ मागवलास त्यो?”

“नाही.”

“मग त्याला सांगू नको. त्यो नारळच फोडंल आनि खाईल.”

सगळे हसले. मीही हसले. मग एकेक करून प्रत्येकानं हात ठेवला. काकी बायकांच्या बाजूनं सगळ्यांत शेवटी आली. तिनं हात नुसता टेकवला नाही, दाबला. डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे लोक हलणार नाहीत. मी मानत नसलेल्या देवाला वेठीला धरलं होतं आणि त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

मार्गशीर्षात पत्रे आले. ट्रक शाळेपुढं उभा राहिला, तलाठी व्हरांड्यात टेबल टाकून बसला. तो फार वाईट माणूस नव्हता. त्यानं एका दिवसात चार गावं केली होती, आणि आम्ही त्याला चार गावांत चार वेळा चहा पाजला होता. त्यानं नावं पुकारायला सुरुवात केली. पुकारलेला माणूस पुढं यायचा, म्हणायचा, “नको साहेब, फेरपंचनामा करा,” आणि मागं सरकायचा. मी पायरीवर उभी होते. मला आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल.

काकीचं नाव आलं. ती पुढं गेली. टेबलावर नोंदवही उघडी होती, तिच्या नावापुढचा रकाना कोरा. ट्रकमधल्या पत्र्यांवर ऊन पडलं होतं. तिनं पत्र्यांकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि मग वळून माझ्याकडं.

“करू का गो सही?”

सगळं गाव ऐकत होतं. ती नुसती सही विचारत नव्हती. झावळ्यांखाली ती दीड महिना राहिली होती. रात्री वारा सुटला की प्लास्टिक फडफडायचं आणि ती जागी राहायची. मी तिच्याकडं दोन रात्री काढल्या होत्या, मला ठाऊक होतं. हे पत्रे आणि वासे घेऊन मुलाच्या सुट्टीत चार माणसं लावली असती तर निदान दोन खणांचं छप्पर उभं राहिलं असतं. तेवढं तिला पुरलं असतं.

“नाही,” मी म्हणाले.

तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. “ताई, एक बोलू? माझ्या हातून चुकलं असेल. मावशींचं घर मी बाहेरूनच पाहिलं, ते चकचकीत होतं. हे सामान घेऊ द्या. फेरपंचनाम्याचं मी वर वेगळं लिहितो. हे घेतलं म्हणून ते अडणार नाही.”

“हे लिहून द्याल?”

“लिहून कसं देऊ? मी तलाठी आहे.”

“मग आम्ही तोंडी शब्दावर घर सोडायचं?” मी आवाज चढवला. “आमची माणसं काय भीक मागायला उभी आहेत? एका बाईनं आपलं अंगण स्वच्छ ठेवलं ही तिची चूक ठरवता, आणि वर तिला उपकाराचे पत्रे देता?”

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग बरीच वाजली. काकी टेबलापासून दोन पावलं मागं सरकली आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

“ह्यांचं सामान बाजूला ठेवतो,” तलाठी हळू म्हणाला. “वही संध्याकाळपर्यंत इथंच आहे.”

ट्रक भरलेला परत गेला. मी दुसऱ्या पत्रकाचा मजकूर एसटीतच जुळवला.

पण पत्रे तालुक्याच्या गोदामात होते, आणि पेणचा बाजार दर आठवड्याला भरतो; बाजाराला गेलेला माणूस तिथंच सही करून पत्रे उचलू शकत होता. जानेवारीत मी गावात गेले तेव्हा एका छपरावर नवा पत्रा चमकताना दिसला. मग आणखी एकावर. आणि मग त्या म्हाताऱ्याच्या घरावर, ज्यानं नारळाची थट्टा केली होती. मी तडक त्याच्या दारात गेले.

“बाबा, तुम्हीसुद्धा?”

तो खाली मान घालून सुतळी वळत होता. “लेक आलीय बाळंतपनाला.”

“शब्द दिला होता आपण.”

“व्हय. दिला व्हता.” त्यानं मान वर केली. “देवळात जाऊन आलो मी, माफी मागून. देवानं ऐकला. तू ऐकशील का?”

मी ऐकलं नाही. घरी येऊन मी तिसरं पत्रक लिहिलं. त्यात ‘फितूर’ हा शब्द तीनदा होता. वडिलांनी ते जेवताना वाचलं. मला वाटलं, ते एखादं विशेषण बदलतील, नेहमी बदलायचे. त्यांनी कागद ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, “तिच्या डोक्यावर आत्ता काय आहे?”

“कुणाच्या?”

“तुझ्या काकीच्या.”

“झावळ्या.”

ते पुन्हा जेवायला लागले. मी ते पत्रक छापलं नाही, एवढंच. पण काकीकडं जाऊन ‘सही कर’ असंही म्हणाले नाही. तेव्हा वेळ होती. मी स्वतःला सांगत राहिले की आता तर आपलं म्हणणं आणखी बळकट झालं आहे. सगळं गाव फुटलं तरी एक बाई उभी आहे. तालुक्याच्या कचेरीत मी तिचं उदाहरण द्यायचे. पंचायत समितीत द्यायचे. अर्जांच्या प्रती मी जपून फाइलीत लावत होते. काकीला भेटायला मात्र मी त्या दोन महिन्यांत एकदाच गेले, आणि तेव्हाही ती घरी नव्हती, मिठागरावर होती.

फाल्गुनात रात्रीच्या वाऱ्यानं स्वयंपाकाच्या कोपऱ्याची उरलेली भिंत बसली. काकी बाहेर निजली होती म्हणून वाचली. दोन दिवस शेजारी राहिली, तिसऱ्या दिवशी मुलगा आला आणि तिला रोह्याला घेऊन गेला. जाताना तिनं रचून ठेवलेली कौलं शेजारणीला दिली.

आणि मे महिन्यात आमची मागणी मान्य झाली. फेरपंचनामा. मी पेणहून नायब तहसीलदाराच्या जीपमागोमाग एसटीनं गेले. या वेळी कुणी काही सारवलं नव्हतं. ज्यांनी पत्रे घेतले होते त्यांच्या घरांच्या भिंती तपासल्या, काहींचा शेरा खरंच बदलला, त्यांना उरलेली मदत मिळाली. घेतलं म्हणून अडलं नाही. तलाठी खरं बोलला होता.

काकीच्या घराच्या जोत्यावर साहेब उभे राहिले. मातीचा उंचवटा, त्यावर वाळलेलं गवत, एका कडेला चुलीची काळी जागा.

“इथं कोण राहतं?”

“माझी काकी. हे पूर्णतः पडलंय, बघताय ना तुम्ही?”

“पडलंय, दिसतंय. राहतं कोण?”

“आत्ता रोह्याला आहे. मुलाकडे. राहायला जागाच नाही म्हणून.”

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. “फेरपंचनामा राहत्या घरांचा आहे, बाई. ह्यांचं बिऱ्हाड दुसरीकडं आहे. शिवाय मूळ यादीतली मदत ह्यांनी नाकारल्याची नोंद आहे.” त्यांनी वही माझ्यासमोर धरली. रकान्यात तलाठ्याचं अक्षर होतं: ‘लाभ घेण्यास नकार.’

मी भांडले. साहेब ऐकत होते, घड्याळ बघत नव्हते, हेही सांगायला हवं. मी कायदा सांगितला, माणुसकी सांगितली, पत्रकात लिहितात तसली सगळी वाक्यं सांगितली. शेवटी ते म्हणाले, “तुम्हीच तर नकार द्यायला लावलात ना?” आणि जीपकडं गेले. तो म्हातारा तिथंच उभा होता. त्याच्याकडं बघायला मला तोंड नव्हतं.

रोह्याला मी लगेच गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा गेला. मग एक दिवस मुलाचा निरोप आला की आईला तुझ्याकडून एक अर्ज लिहून हवा आहे. मी पेणहून दुपारची गाडी धरली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. भाऊ पलंगावर झोपला होता, शिफ्ट करून आलेला. वहिनीनं मला बघून पुढ्यातलं निवडणं बाजूला केलं, हळूच, आवाज न करता. ती वाईट बाई नव्हती. त्या खोलीत कुणालाच वाईट असायला जागा नव्हती. काकी बाहेरच्या गॅलरीत बसली होती, कठड्याला टेकून, पाय आखडून. गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ती सारखी पाय आणखी आखडत होती. अंथरुणाची वळकटी शेजारीच होती.

“बस गो,” ती पुटपुटली. मग आतल्या दिशेनं बोट केलं. “झोपलाय.”

मी बसले. मे महिन्यातलं सगळं मी तिला कुजबुजत सांगितलं. माझी चूक झाली असं म्हणाले. ते म्हणण्यासाठीही मी वाक्य तयार करून आणलं होतं, आणि ते अर्ध्यावर विसरले.

“त्यो तलाठी आला व्हता संध्याकाळी,” काकी म्हणाली.

“कधी?”

“पत्रे आलते त्या दिवशी. तू गेलीस, त्याच्या नंतर. वही घेऊन दारात आला. म्हनला, मावशी, पोरीला काय कलत नाय, तुम्ही सही करा, कुनाला सांगनार नाय. परत यादी उघडंल का नाय ता देवाला म्हायती.”

“मग केली का नाहीस?”

ती गॅलरीच्या खाली बघत राहिली. खाली कंपनीची बस लागत होती, दुपारपाळीची माणसं डबे घेऊन चढत होती.

“नारळावर हात ठेवला होता म्हणून?” मी विचारलं.

“नारळ गेला खड्ड्यात,” ती म्हणाली. “सगळ्यांनी ठेवला व्हता नारळावर. मना तेव्हाच दिसत व्हता, हे लोक जानार. टाळ्या वाजवत व्हते ना, तेव्हाच. मी पन सही केली असती तर तुझ्या बाजूला कोन उरला असता? तू एकटी उभी राहिली असतीस गो पायरीवर.”

इतके महिने मी कचेऱ्यांत ज्या बाईचं उदाहरण देत होते, ती तत्त्वासाठी उभी राहिलीच नव्हती. तिला माझं तत्त्व पटलं होतं की नाही हेही मी कधी विचारलं नव्हतं. एक पोर सगळ्यांसमोर उघडी पडू नये म्हणून तिनं छप्पर सोडलं होतं, आणि पोरीला ते कळलंही नाही. ज्या दिवशी मला वाटलं की गाव माझ्यामागं उभं आहे, त्या दिवशी माझ्यामागं फक्त ती होती.

“अर्ज कसला लिहायचाय?” मी शेवटी विचारलं.

तिनं वळकटीतून एक कागद काढला. ग्रामपंचायतीची नोटीस. घरपट्टी भरा. त्यांच्या दप्तरात घर अजून उभं होतं.

“लिही,” ती म्हणाली, “का तिथं घर नाय म्हनून. पोराला उगाच भुर्दंड.”

मी गुडघ्यावर वही घेऊन लिहिलं. सरपंच यांस, विनंती अर्ज. माझे मालकीचे घर वादळात पूर्णतः पडले असून सदर जागी सध्या कोणतेही बांधकाम नाही, तरी माझे नाव घरपट्टीतून कमी करावे. हे मी अनेक अर्जांत लिहिलं होतं, पुरावे जोडून, प्रती काढून, आणि कुणी मानलं नव्हतं. हा अर्ज मी दुसऱ्या आठवड्यात गावात नेऊन दिला आणि ग्रामसेवकानं जागेवर शिक्का मारला. कुणी बघायलासुद्धा गेलं नाही.

तेव्हा गॅलरीत मात्र मी तो लिहून संपवला आणि कागद हातातच धरून बसले. मला वाटत होतं, ती म्हणेल, वाचून दाखव. मग मी काहीतरी म्हणेन. म्हणेन की थांब काकी, अजून एकदा तहसीलला जाऊ, वरती जाऊ, माझ्याकडं सगळ्या प्रती आहेत. ते ओठांवर आलं होतं.

तिनं माझ्या हातून कागद घेतला, पेन घेतलं. गॅलरीतून एकजण गेला त्यासाठी पाय आखडले, मग कागद फरशीवर नीट पसरला. एकेक अक्षर जोडत, जीभ दातांत धरून, तिनं खाली आपलं नाव लिहिलं. या वेळी तिनं मला विचारलं नाही.